साठचा बल्ब स्वस्त नाही

साठ वॅटचा साधा बल्ब थोड्या पैशांत मिळतो, म्हणून तो स्वस्त, असे आपल्यातील बरेच बंधू धरून चालतात. खरेदीचा भाव वेगळा आणि वापराचा खर्च वेगळा, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. बल्ब घेताना मात्र आपण ते विसरतो.

बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईतले एखादे घर घ्या. चार दिवे, रोज पाच तास. साठ वॅटचे साधे बल्ब असतील तर महिन्याला ३६ युनिट जातात. साधारण तेवढाच उजेड देणारे चौदा वॅटचे सीएफएल लावले तर ८.४ युनिट आणि नऊ वॅटचे एलईडी लावले तर ५.४ युनिट. साध्या बल्बमध्ये तार तापून लाल होते व नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जाते. बीडच्या उन्हाळ्यात ही उष्णता कोणाला हवी?

आता महावितरणचे बिल उलटून पाहा. घरगुती वापरात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. (आपल्या परळीला वीज तयार होते म्हणून ती बीडकरांना स्वस्त पडत नाही!) ज्या घराचा वापर १२० युनिट आहे, तो एलईडीमुळे ८९ च्या आसपास येतो. म्हणजे वाचलेल्या युनिटांतील पहिली वीस युनिटे महागड्या दराची असतात. बचतीचा खरा हिशेब इथे आहे.

सीएफएल आणि एलईडीत फरक अवघा तीन युनिटांचा आहे. म्हणून चालू असलेला सीएफएल काढून फेकू नये. तो गेल्यावर एलईडी घ्यावा. फुटला तर हाताने काचा गोळा करू नका, आत पारा असतो. खिडक्या उघडून जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला. साधा बल्ब मात्र चालू असला तरी आजच उतरवावा, आणि सुरुवात सर्वांत जास्त वेळ जळणाऱ्या दिव्यापासून करावी.

शिलाई किंवा जरीकाम करणाऱ्या कारागिरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रमजानमध्ये ईदच्या कपड्यांसाठी मशीनवरचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो. हलक्या एलईडीखाली जुळवलेला दोरा सकाळी उन्हात वेगळाच दिसतो. खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा असतो. तो ८० पेक्षा कमी नसावा, रंगाच्या कामासाठी ९० असल्यास उत्तम.

२०१४ साली सरकारी खरेदीत एलईडी बल्बला सुमारे ३१० रुपये पडत. २०१६ मध्ये भाव ४० च्या आत आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या, पुढे 'उजाला' नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतील मोठ्या खरेदीचा त्यात मोठा वाटा होता. त्यामुळे आता भाव ही अडचण राहिलेली नाही, माल ही आहे. बाजारात सुटे विकले जाणारे बिनानावाचे बल्ब टाळावेत. खोक्यावर बीआयएसची खूण, ताऱ्यांचे लेबल आणि किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे वाचावे. आपल्याकडे दाब सतत खालीवर होतो, तेव्हा ही मर्यादा जितकी रुंद तितके बरे. बंद काचेच्या डब्यात एलईडी लावू नये, आतली उष्णता बाहेर पडत नाही व बल्ब लवकर जातो. दुकानदाराकडून तारीख घातलेली पावती घ्या आणि वॉरंटी संपेपर्यंत ती खोक्यासह जपून ठेवा.