गाडीला किती ऑक्टेनचे पेट्रोल घालावे?



ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की अलीकडे काही घरांपुढे ट्रॅक्टरशेजारी टर्बो इंजिनाची मोटारही उभी राहते. आनंदच आहे. मग मुले विचारतात, “पंपावरचं महागाचं पेट्रोल टाकलं की गाडी जास्त पळते म्हणे, खरं का?” या प्रश्नाशी आपल्या उसाचाही संबंध आहे, म्हणून हा खुलासा.

ऑक्टेन ही पेट्रोलची ताकद नव्हे, सहनशक्ती आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग ठिणगी पडून ती पेटते. दाबाबरोबर उष्णता वाढते. पेट्रोल कमी ऑक्टेनचे असेल, तर ज्योत पोचायच्या आधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि हातोडीने ठोकल्यासारखी टकटक ऐकू येते. यालाच मेस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. हे फार दिवस चालले तर पिस्टनची वाट लागते.

टर्बो इंजिनात हवा जोराने कोंबली जाते, म्हणून तिथे दाब आणि उष्णता जास्त. अशा काही इंजिनांना ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेन लागतो. कमी घातला तर नव्या गाडीतला सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळतो, पण जोर आणि मायलेज दोन्ही घटतात. जुन्या गाडीत सेन्सर नसेल तर थेट नुकसानच.

उलट, ९१ वर चालणाऱ्या साध्या इंजिनात १०० ऑक्टेन ओतला तर फायदा जवळपास काही नाही. माती परीक्षण न करता युरियाची पोती रिकामी केली म्हणून साखर उतारा वाढतो का? तसेच हे.

आता आपल्या उसाची गोष्ट. मळीपासून आणि उसाच्या रसापासून होणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो. म्हणून देशात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनची अट होती, तिथे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ९५ ची आहे. हे २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. पण आपला माल म्हणून दुसरी बाजू झाकू नये. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मेस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१) गाडीची पुस्तिका आणि टाकीच्या झाकणामागची पट्टी वाचावी. तिथला आकडा हाच खरा सल्ला.

२) ‘किमान’ आणि ‘शिफारस’ यांतला फरक पाहावा. किमान आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये.

३) अमेरिकेत आकडा वेगळ्या रीतीने काढतात. तिथला ९१ म्हणजे आपल्याकडचा साधारण ९५. परदेशी माहिती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

४) चढावर किंवा भरल्या गाडीत टकटक ऐकू आली तर मेस्त्रीला दाखवावी.

५) ट्रॅक्टरच्या डिझेलला ऑक्टेन नव्हे, सिटेन पाहतात. दोहोंची गल्लत करू नये.

इंजिनाला जेवढे हवे तेवढेच द्यावे. वाचलेला पैसा ठिबकला लावला, तर तो उसात दिसेल.