घरासाठी हवा शुद्ध करणारे यंत्र निवडताना

दिवाळी उलटली की आगमनकाळाची चाहूल लागते आणि त्याच सुमारास मुंबई, ठाणे व वसई परिसरातील हवाही जड होऊ लागते. हिवाळ्यात वारे मंदावतात, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेल्या कचऱ्याची राख तिथेच अडकून राहते. दम्याचे रुग्ण, लहान मुले व वृद्ध ह्यांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो. म्हणून एअर प्युरिफायर घ्यावा का आणि घेतल्यास कोणता, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. रक्कम लहान नसते. खरेदीपूर्वी काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरेल.

खरा शत्रू कोणता?

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात व घशात बरीचशी अडते. अधिक घातक असतात ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेले कण. ह्यांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही ते लहान असल्याने फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. काही रक्तातही मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ह्या कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा एका घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजेच सरकारी मोजणीत ‘समाधानकारक’ ठरलेली हवाही नाजूक प्रकृतीच्या माणसाला पूर्णतः निर्धोक असेलच असे नाही.

यंत्रात काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे गाळणी. ‘हेपा’ नावाची गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. युरोपीय मानकानुसार ‘एच १३’ हा दर्जा असल्यास उत्तम. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखी’ असे मोघम शब्द खोक्यावर असतील, तर सावध व्हावे. वास व काही वायू कमी करण्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. तो अगदी पातळ असला तर त्याचा उपयोग थोडे दिवसच होतो.

दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे सीएडीआर, म्हणजे यंत्र दर तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा. गाळणी कितीही चांगली असो, पंखा दुबळा असेल तर खोलीतील हवा स्वच्छ होत नाही. हिशेब सोपा आहे. १० फूट बाय १२ फुटांची व १० फूट उंचीची खोली साधारण ३४ घनमीटर भरते. तासातून पाच वेळा ही हवा गाळली जावी असे धरले, तर १७० घनमीटर सीएडीआर हवा. मात्र हा आकडा यंत्राच्या सर्वाधिक वेगाचा असतो आणि त्या वेगात आवाजामुळे झोप लागत नाही. म्हणून अशा खोलीला २५० च्या आसपासचे यंत्र घेऊन ते मध्यम वेगाने चालवणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट नंतरच्या खर्चाची. हेपा गाळणी सहसा धुता येत नाही; वापरानुसार सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. तिची किंमत आधीच विचारावी आणि ती सहज मिळते का, हेही पाहावे. विजेचा भार तुलनेने अल्प असतो: ४० वॉटचे यंत्र १० तास चालले, तर ०.४ युनिट वीज लागते.

ओझोन निर्माण करणारी यंत्रे मात्र घेऊ नयेत. ओझोन हा स्वतःच फुप्फुसांना अपायकारक वायू आहे.

यंत्र काय करू शकत नाही?

हे यंत्र हवेत प्राणवायू वाढवत नाही, कार्बन डायऑक्साइड वा कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, भिंतीची ओलही घालवत नाही आणि दम्याच्या औषधांची जागा घेत नाही. ते चालू असताना दारे-खिडक्या बंद हव्यात. पण बाहेरची हवा बरी असेल तेव्हा, बहुधा दुपारी वारा सुटल्यावर, खिडक्या उघडाव्यात. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर आणि आजारी व्यक्ती झोपते त्या खोलीत ठेवावे. सगळ्या घराला एक यंत्र पुरत नाही.

आधी घरातला धूर कमी करणे हाच स्वस्त उपाय होय. डास पळवण्याची कॉइल, सिगारेट, स्वयंपाकाचा धूर ह्यांतून घरात पुष्कळ सूक्ष्म कण पसरतात. घरातील वेदीपुढे जळणारा धूप आणि मेणबत्त्याही त्याला अपवाद नाहीत. घरात दमेकरी असल्यास कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी धूप टाळल्याने भक्तीत काहीच उणे पडत नाही. कॉइलऐवजी मच्छरदाणी, झाडूऐवजी ओले फडके आणि स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. घरात कोणी आजारी नसेल, तर अनेकांना एवढेच पुरेसे ठरेल.

श्वास सर्वांचा

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात प्रदूषित हवेचा फटका विशेषतः गरिबांना बसतो, ह्याकडे लक्ष वेधले आहे. त्याच परिपत्रकात वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचे उदाहरण देऊन त्यांनी आपल्या उपभोगाच्या सवयींबद्दलही इशारा दिला. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याने यंत्र घेण्यात गैर काहीच नाही. ती प्रियजनांची सेवाच आहे. परंतु बंद खोलीतील हवा स्वच्छ झाली म्हणून रस्त्यावरच्या हवेची चिंता सोडणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. रस्ता झाडणारा, बांधकामावर राबणारा, चाळीत चुलीपुढे बसलेली माऊली ह्यांच्यासाठी कोणतेही यंत्र नाही.

म्हणून यंत्र घ्यायचे तर विचारपूर्वक घ्यावे. आणि त्याबरोबरच कचरा न जाळण्याचा निश्चय करावा, मिस्साला जाताना जवळचे अंतर पायी चालावे, वाडीतील झाडे राखावीत आणि उघड्यावर कचरा पेटत असल्यास नगरपालिकेकडे तक्रार नोंदवावी. शेजारी एखादा दम्याचा गरीब रुग्ण असेल, तर त्याची विचारपूस करून त्याच्या औषधांना हातभार लावावा. मातीच्या मानवात परमेश्वराने आपला श्वास फुंकला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. तो श्वास सर्वांना सारखाच दिलेला आहे. त्याची राखणही सर्वांनी मिळूनच करावयाची आहे.