जुळवणीचा खर्च आणि टर्नरवरचा ठपका

दहा गुंठे नांगरायला ट्रॅक्टर बोलावला तरी येण्याजाण्याचे डिझेल तेवढेच जळते. म्हणून आपण शेजाऱ्याचे रानही सोबत उरकून घेतो. कारखान्याच्या वर्कशॉपचेही तसेच आहे.

समजा, ऑफ सीझनमध्ये पंपांसाठी गनमेटलचे 12 बुश हवेत. लेथ जुळवणे, हत्यारे लावणे, माप बसवणे यास 600 रुपये. पुढे दर बुशास माल-मजुरी 150 रुपये. एकाच वर्क ऑर्डरचा अंदाज झाला 2400 रुपये. पण मागणी चार-चार नगांची तीनदा आली, तर जुळवणीही तीनदा होते. खर्च जातो 3600 रुपयांवर. मग 'टर्नर ढिला आहे' म्हणून आपण मोकळे! त्या बिचाऱ्याने तर एकाही बुशास जादा वेळ लावलेला नसतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की जॉब कार्डावर जुळवणी व प्रत्यक्ष काम वेगवेगळे लिहावे. जुळवणीत फरक पडला तर बहुधा नियोजन तपासावे. दर नगामागे पडला तर माल अन् हात तपासावा. हंगामात अचानक मोडतोड झाली तर धावपळ करावीच लागते. ऑफ सीझनची कामे मात्र आधी ठरवता येतात. वाया गेलेला रुपया शेवटी आपल्याच उसाच्या दरातून जातो, हे विसरून कसे चालेल?