इंग्रजी व्यावसायिक पत्र आणि आत्मविश्वासाचे मोजमाप

घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत मांद्रे गावच्या विद्यार्थ्याला वावरावे लागते. जानेवारी २०२३ पासून आमच्याच पेडणे तालुक्यात, मोप येथे, विमाने उतरू लागली. नोकरीचा अर्ज असो वा मालाची चौकशी, इंग्रजी पत्र आता टळणारे नाही. परंतु ते लिहावयास सांगताच हुशार मुलाचीही लेखणी अडते. हे अज्ञान की नुसती भीती? उपाय योजण्यापूर्वी याचा उलगडा व्हावयास हवा.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली याविषयीची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते स्वतःवरील भरवसा हा त्या त्या कामापुरता असतो. भर समुद्रात निर्भयपणे पोहणारा मुलगा पत्राच्या कागदापुढे कचरू शकतो. म्हणून ‘तुला इंग्रजी येते काय?’ हा प्रश्न निरुपयोगी होय. कामाचे भाग पाडून विचारावे. समजा, म्हापशाहून मागविलेल्या पुस्तकांच्या पार्सलात एक पुस्तक कमी निघाले. तर पत्ता व दिनांक योग्य जागी घालणे, मायना निवडणे, विषय एका ओळीत सांगणे, तक्रार सभ्य शब्दांत मांडणे आणि राहिलेले पुस्तक मागणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट आपण आज किती खात्रीने करू शकू, हे विद्यार्थ्याने ० ते १०० या आकड्यांत, दहादहाच्या टप्प्यांनी लिहावे. प्रश्न मराठीतच असावेत; एरवी पत्राऐवजी प्रश्नाचीच भीती मोजली जाईल. या आकड्यांना गुण नाहीत, हेही आधी सांगावे. नाहीतर मुले शिक्षकांना आवडेल तेच लिहितील.

लगेच तेच पत्र लिहून घ्यावे व आकड्यांशेजारी ठेवावे. ज्याने ९० लिहिले पण पत्र चुकले, त्याला नियम पुन्हा शिकविणे प्राप्त आहे. जिने ३० लिहिले पण पत्र निर्दोष उतरले, तिला नियम नकोत, अनुभव हवा. स्वतः मिळविलेले यश हाच भरवशाचा सर्वांत बळकट आधार, असे बांडुरा सांगतात. तिचे पत्र खरोखरच टपालात पडले पाहिजे. आजवर आम्ही दोघांच्याही वह्यांवर एकच तांबडी शाई ओतीत आलो, ही आमची चूक आम्ही कबूल करतो.

विद्यार्थिमित्रांनो, आकडा कमी आला म्हणून लाजू नका. काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवा. मोजलेली भीती निम्मी जिंकलेली असते.