मॉन्युमेंटखालून घरी न परतलेली मुलं

कोलकात्यातल्या एस्प्लनेडला गावचे लोक आजही धर्मतला म्हणतात. ट्रामचा तळ, लांब पल्ल्याच्या बस, १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो जिथून धावली ते स्थानक, आणि या सगळ्यावर नजर ठेवून असलेला ४८ मीटर उंच शहीद मिनार. १८२८ मध्ये इंग्रजांनी डेव्हिड ऑक्टरलोनी या सेनानीच्या स्मरणार्थ तो बांधला, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी तो नुसता ‘मॉन्युमेंट’. बंगालमधला मोर्चा इथून तरी निघतो, नाहीतर इथे येऊन तरी थांबतो.

१ मे १९६९ रोजी याच मनोऱ्याखालच्या सभेत कानू सन्याल यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाल्याचं जाहीर केलं. पक्ष आठवडाभर आधीच, २२ एप्रिलला गुपचूप जन्मला होता. मतपेटी नाकारून सशस्त्र क्रांती करू पाहणारा हा नक्षलवाद्यांचा पक्ष. सभा संपल्यावर बहुतेक पोरं बस-ट्राम पकडून घरी गेली असतील, आईने वाढलेलं जेवली असतील. थोडी मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांत खेड्यांत, तुरुंगांत आणि शवागारात पोचली.

ही थोडी कोण? सरकार या लढ्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणे, लढणारे जनयुद्ध म्हणत. देशाच्याच माणसांनी देशाच्याच माणसांवर बंदूक रोखली, एवढं दोघांनाही मान्य होतं. अशा लढ्यात पोरं का जातात, याची ठरलेली उत्तरं आपल्याकडे तयार असतात. ती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : पोटाला नाही, हाताला काम नाही, म्हणून बंदूक

वस्तुस्थिती : साठच्या दशकातला कलकत्ता भुकेला होता, यात शंका नाही. ३१ ऑगस्ट १९५९ ला याच भागात अन्नासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांचा भयंकर लाठीमार झाला. १९६६ मध्ये अन्न आंदोलन पुन्हा पेटलं. पण नक्षलबारी गावातल्या शेतकऱ्यांच्या उठावानंतर घर सोडून जाणाऱ्यांत प्रेसिडेन्सी कॉलेजची मुलं होती, म्हणजे ज्यांच्यासाठी बऱ्या नोकऱ्या राखून ठेवल्यासारख्या होत्या ती. आपल्याकडेही पाहा. माओवादी नेत्या अनुराधा गांधी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकल्या, नागपुरात त्यांनी समाजशास्त्र शिकवलं, आणि २००८ मध्ये भूमिगत असतानाच मलेरियाने गेल्या. त्यांचे पती कोबाड गांधी डून स्कूलचे विद्यार्थी.

मग गरिबीचा संबंधच नाही का? आहे, पण आपण समजतो तसा नाही. सिएरा लिओनच्या यादवीनंतर (१९९१-२००२) मॅकार्टन हम्फ्रीज आणि जेरेमी वाइनस्टीन या अभ्यासकांनी हजारावर माजी लढवय्यांना गाठून विचारलं. गरीब आणि शाळा सुटलेली मुलं बंडखोरांकडे जास्त होती हे खरं. पण सरकारच्या बाजूने लढणाऱ्यांतही तशीच मुलं जास्त होती. शिवाय बहुसंख्य बंडखोरांनी सांगितलं, की आम्हाला पळवून नेलं होतं. गरिबी माणसाला असा उघड्यावर टाकते, की जो आधी येईल तो त्याला उचलून नेतो. बाजू कुठली, हे गरिबी ठरवत नाही.

गैरसमज २ : पुस्तकं वाचून डोकी फिरली

वस्तुस्थिती : प्रेसिडेन्सीतली ठिणगी माओच्या लाल पुस्तकाने पडली नव्हती. १९६६ मध्ये कॉलेजच्या ईडन हिंदू हॉस्टेलमधल्या तक्रारींवरून संप झाला, काही मुलांना काढून टाकलं, त्यांच्यासाठी बाकीची उभी राहिली. नक्षलबारी त्यानंतर घडली. २५ मे १९६७ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मेले, त्यांत बायका आणि लेकरंही होती. हॉस्टेलच्या संपात एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकलेली टोळी तेव्हा तयारच होती. तिला आता गावाचं नाव मिळालं. त्यातलीच काही मुलं पुढे मेदिनीपूरच्या डेब्रा-गोपीवल्लभपूर भागात शेतकऱ्यांमध्ये जाऊन राहिली.

कलकत्त्याच्या जुन्या पाड्यांत, म्हणजे मोहल्ल्यांत, घराच्या दारापुढे ओटा असतो, त्याला ‘रक’ म्हणतात. संध्याकाळी पोरं तिथे बसतात, अड्डा जमतो. ज्या रकवरचे दोघं गेले, त्या रकवरचा तिसरा जाण्याची शक्यता चौथ्या गल्लीतल्या मार्क्स वाचणाऱ्यापेक्षा जास्त. विचार खोटे होते असं यातून निघत नाही. मित्रासाठी टाकलेल्या पावलाला अर्थ द्यायचं काम विचारांनी केलं, आणि मग तो अर्थ माणसाला धरून बसला.

नात्याचा हा धागा बंगालपासून गडचिरोलीपर्यंत दिसतो. तेलंगणातल्या पेद्दपल्लीचे मल्लोजुला कोटेश्वर राव ऊर्फ किशनजी आणि मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हे सख्खे भाऊ, दोघेही माओवादी पक्षाचे बडे नेते होते. भूपतीची पत्नी तारक्का, म्हणजे विमला सिडाम, ही आपल्या अहेरी भागातली, ऐंशीच्या दशकात दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, गेलेली. बंदूक हे पुरुषांचंच काम, हाही समज तिथेच गळतो.

गैरसमज ३ : तरुण रक्त, दुसरं काय!

वस्तुस्थिती : रक्त तरुण होतं, डोकं मात्र तरुण नव्हतं. शहरात वर्गशत्रूला ‘खतम’ करायची दिशा देणारे पक्षाचे नेते चारू मजुमदार तेव्हा पन्नाशीचे. समाजसुधारक विद्यासागरांच्या पुतळ्याचं डोकं उडवलं गेलं, त्याला वैचारिक आधार पुरवणारे कवी-पत्रकार सरोज दत्त त्यांच्याहून वडील. कॉलेज सोडा, खेड्यात जा, ही हाक मोठ्यांनी दिली आणि अठरा-वीस वर्षांच्यांनी ती निभावली. जगभरातल्या यादव्यांत असंच दिसतं : धोरण प्रौढांचं, देह तरुणांचे.

आणि तरुण रक्ताचंच काम असेल, तर सगळेच का जात नाहीत? त्या पिढीतल्या लाखो मुलांनी याच धर्मतल्यात घोषणा दिल्या, लाठ्या खाल्ल्या आणि पुढे बँकेत नाहीतर शाळेत नोकरी धरली. सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) मध्ये एकाच घरातले दोन भाऊ आहेत : धाकटा क्रांतीच्या वाटेवर, थोरला नोकरीच्या मुलाखतीच्या रांगेत. घर एक, शहर एक, वय जवळपास एकच. फरक वयात शोधून सापडत नाही.

गैरसमज ४ : पोलिसांनी दांडका दाखवला की पोरं सरळ येतात

वस्तुस्थिती : हा समज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोकादायक. १९७१-७२ मध्ये शहरातली चळवळ बळाने मोडली गेली, हे खरंच. पण तिथवर पोचताना काय घडलं? १२-१३ ऑगस्ट १९७१ ला एका काँग्रेस नेत्याच्या खुनानंतर काशीपूर-बरानगरमध्ये घराघरांतून पोरं ओढून मारली गेली. मृतांचा आकडा आजही वादात आहे. त्याच महिन्यात सरोज दत्तांना पोलिसांनी उचललं आणि ते पुन्हा दिसले नाहीत; एस्प्लनेडलगतच्या मैदानावर पहाटे त्यांना मारल्याचा आरोप आजही केला जातो. १६ जुलै १९७२ ला पकडलेले चारू मजुमदार बाराव्या दिवशी कोठडीत असतानाच वारले. नक्षलांनीही कमी रक्त सांडलं नाही. साधे वाहतूक पोलीस मारले; ३० डिसेंबर १९७० ला जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपाल सेन यांचा खून झाला. गुंडांचं फावलं, काँग्रेसी आणि नक्षल यांची सरमिसळ झालेल्यांना लोकांनी ‘काँग्शाल’ हे नाव ठेवलं.

अशा पाड्यात विशीचा असणं हाच पुरावा होता. घरात थांबलं तर पोलीस नेणार, बाहेर पडलं तर दुसरी टोळी; मग हत्यार असलेल्यांच्या सोबत राहणंच त्यातल्या त्यात सुरक्षित वाटू लागतं. लढाईत न पडणारा सुरक्षित असतो, हे गृहीतच यादवीत टिकत नाही.

हा धडा जवळपास चाळीस वर्षांनीही शिकला गेला नव्हता. २ नोव्हेंबर २००८ ला मेदिनीपूरच्या सालबनीत मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या ताफ्याच्या वाटेवर माओवाद्यांनी सुरुंग उडवला. पोलीस लालगढच्या आदिवासी गावांत घुसले, शाळकरी मुलांना धरून नेलं, बायकांना मारलं. काही दिवसांत पोलिसी अत्याचारविरोधी समिती उभी राहिली, रस्ते खणले गेले आणि माओवाद्यांना पूर्वी कधी न मिळालेली माणसं मिळाली. हे बंगालपुरतं नाही. आफ्रिकेतल्या अतिरेकी संघटनांत स्वेच्छेने गेलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने विचारलं, की शेवटचा धक्का कसला होता? २०१७ च्या त्या अहवालात ७१ टक्क्यांनी सरकारी कारवाईकडे बोट दाखवलं : जवळचा कुणी मारला गेला किंवा पकडला गेला.

गैरसमज ५ : गेला तो गेलाच

वस्तुस्थिती : खूपजण परततात, अट एवढीच, की परतायला वाट हवी. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आल्यावर बंगालमधले राजकीय कैदी सुटले. गोपीवल्लभपूरच्या लढ्यातले संतोष राणा त्याच वर्षी तिथूनच आमदार झाले. १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’त सुमारे चौदा लाख वाटेकरी कुळांची नोंद झाली, ज्या प्रश्नावर नक्षलबारी पेटली होती, त्याचा निदान एक तुकडा तलाठ्याच्या वहीत आला. त्यानंतर बंगालच्या खेड्यांत बंदुकीची हाक बरीच वर्षं मंद पडली.

परतीची वाट दोन्हीकडून बंद होते. सरकार शरण आलेल्यावर विश्वास ठेवत नाही. संघटना त्याला ‘खबरी’ ठरवते आणि रस्त्यावर चिठ्ठीसह त्याचं प्रेत सापडतं. गडचिरोलीतल्या किती गावांनी हे पाहिलंय! म्हणून २००५ पासूनची महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना नुसत्या पैशांमुळे चालत नाही. आधी आलेला जिवंत आहे, पोलीस त्याला छळत नाहीत, त्याचं लग्न झालंय, ही बातमी जंगलात पोचते तेव्हा ती चालते.

मल्लोजुला बंधूंचं पुढे काय झालं ते पाहा. किशनजी २४ नोव्हेंबर २०११ ला बंगालच्याच बुरीशोल जंगलात मारला गेला. तारक्काने १ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भूपतीनेही साठ साथीदारांसह तिथेच बंदूक खाली ठेवली, तेव्हा त्याची सत्तरी आली होती. आधी पत्नी, मग पती, मग साठ जण : आत जाताना जशी माणसामागून माणसं गेली, बाहेर येतानाही तशीच आली.

धर्मतल्यात आजही दर २१ जुलैला लाखोंची गर्दी होते. १९९३ मध्ये त्या दिवशी युवक काँग्रेसच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तेरा जण मेले. त्या मोर्चाच्या पुढारी ममता बॅनर्जी अठरा वर्षांनी मतपेटीतून मुख्यमंत्री झाल्या. गोळी खाल्लेल्या प्रत्येक मोर्चातून बंडखोर निघत नाही, हे एस्प्लनेडइतकं ठसठशीत कुणी सांगत नाही. रागावलेल्या पोराला ओरडायला चौक हवा आणि ओरडून झाल्यावर घरी न्यायला शेवटची ट्राम हवी. ती ट्राम जिथे बंद पडली, तिथून पुढे जंगल सुरू झालं.