दोनशे किलोमीटर आणि साडेतेरा तास

"नंबर कितवा आला रं?"
"नंबर नसतो आबा त्यात."
"मग बक्षीस?"
"ते बी नसतं."
"मग गेलतास कशाला?"

गेल्या डिसेंबरात रात्री उशिरा घरी आलो, तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलेले हे प्रश्न. त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. महाविद्यालयातही अनेक मित्रांनी हेच विचारले. म्हणून हा लेख.

मी ज्यात भाग घेतला त्या प्रकाराला बी.आर.एम. म्हणतात. 'ब्रेव्हे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने कापायचे, एवढीच परीक्षा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. वाटेतल्या चौक्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. चौकीखेरीज इतरत्र आपल्या माणसांकडून मदत घ्यायची नाही. पंक्चर आपणच काढायचे. हेल्मेट, पुढे-मागे दिवा आणि अंधारात चमकणारे जाकीट सक्तीचे. पहिला कोण, शेवटचा कोण, याची नोंद होत नाही. वेळेत आला तो पास.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर गेले. त्यांना 'ऑडॅक्स' म्हणजे धाडसी असे नाव पडले. पुढे फ्रान्समध्ये १९०४ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था निघाली. जगभरातल्या बी.आर.एम. आज तिच्याच नियमांनी चालतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची फेरी तर १८९१ पासूनची. आता ती दर चार वर्षांनी होते. २०२३ साली झाली, पुढची २०२७ साली आहे.

आमचा मार्ग कोल्हापूरहून वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा. तेथून घाट उतरून साखरप्याच्या पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे तासाला जेमतेम पंधरा किलोमीटर. कागदावर हे सोपे वाटते. पण चहा, जेवण, पंक्चर, सारे त्याच घड्याळात बसवायचे असते.

आमच्या घरची दुधाची सायकल मी मुद्दाम तपासली. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान, पण घाटात प्रत्येक फेऱ्याला तेवढे वजन तेवढे अंतर वर ओढावे लागते आणि गुडघे बोलू लागतात. एका सरांनी मला गिअरची सायकल दिली. तिचे पुढचे आणि मागचे दाते सारखे केले की एका फेऱ्यात दोनच मीटर जाते. कष्ट एकूण तेवढेच, पण ते लहान लहान हप्त्यांत फेडता येतात.

विज्ञान शाखेच्या एका मित्राने हिशेब करून दिला. मी आणि सायकल मिळून सत्तर किलो. चारशे मीटर उभे चढायचे धरले, तर सुमारे पासष्ट कॅलरी काम होते. परंतु शरीर खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवते. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी हव्यात, अंदाजे दोन भाकऱ्या. म्हणून भूक लागण्याआधीच खायचे असते. मी गूळ-शेंगदाणे आणि केळी खिशात ठेवली होती.

सकाळी सहाला निघालो. मलकापूरच्या पुढे वस्ती विरळ होते. जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि वाळलेले गवत. वाऱ्याला आडोसा नाही. विशाळगडाचा फाटा दिसला तेव्हा १६६० सालची पन्हाळगड ते विशाळगड ती पावसाळी रात्र आठवली. आपल्या पायाखाली डांबर आहे, याची थोडी लाजही वाटली.

घाट उतरताना मजा आली. तोच घाट परत चढताना दुपारचे दोन वाजले होते. मध्यावर एक रिकामा टेम्पो थांबला. "टाक सायकल मागं, वर सोडतो," ड्रायव्हर म्हणाला. आसपास चिटपाखरू नव्हते आणि चौकी फार लांब होती. मी नको म्हणालो. तो हसून निघून गेला. पुढे बऱ्याच वेळ मला स्वतःचाच राग येत होता.

बांबवड्याजवळ पंक्चर झाले. अंधार पडत आला होता आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग शेजारून जात होती. ते काढायला पस्तीस मिनिटे लागली. कोल्हापुरात पोचलो तेव्हा सात वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. मुदत साडेसातची होती. अकरा मिनिटांनी नापास.

टेम्पोत बसलो असतो तर ती अकरा मिनिटे सहज मिळाली असती आणि प्रमाणपत्रही मिळाले असते. पण मग आबांना मी काय सांगितले असते? आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिला. माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेत घरचे नंबर शोधतात, आणि ते स्वाभाविकच आहे. त्यांनी त्यासाठी पोटाला चिमटा घेतला आहे. पण कोणी बघत नसताना नियम पाळल्याची नोंद कोणत्याच गुणपत्रिकेत होत नाही. ती ज्याची त्यालाच ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी आबांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंक्चर काढाय पस्तीस मिन्टं? मी धा मिन्टांत काढतो. शिकवतो ये."

शिकलो आहे. आता मला पंधरा मिनिटे लागतात. येत्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे. मित्रांपैकी कोणाला यायचे असेल, तर जरूर यावे. नंबर मिळणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.