गाडीतले मागचे स्पीकर

"गाडीत मागे स्पीकर बसवू या," असं घरात निघालं, की आपण बायका "तुमचं तुम्ही बघा" म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, मागच्या सीटवर आपलीच मुलं बसतात ना?

सेडानच्या मागच्या फळीवर नुसते ठेवायचे पेटीचे स्पीकर मुळीच घेऊ नका. आमच्या खांदा कॉलनीतून निघावं, कळंबोलीला एक्स्प्रेसवेला लागावं आणि पुढे कचकन ब्रेक दाबावा लागला, तर ती पेटी थेट मुलांच्या डोक्यावर यायची! त्यापेक्षा फळीखालच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेले ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर बरे. डिकीच्या पोकळीमुळे त्यांचा आवाजही भरदार लागतो.

मूळच्या वायरी कापू देऊ नका. कपलर लावायला सांगा. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडलं गेलं, तर ढोलकीचा ठेका अगदी पातळ ऐकू येतो. तसं वाटलं, तर जोडणी पुन्हा तपासून घ्या.

मुलं मागे असली, की स्टिरिओतल्या फेडरने आवाज पुढे वळवा. स्पीकर त्यांच्या कानामागेच असतात. आणि पैसे देण्याआधी फळी स्वतः हलवून पाहा. खडखडली, तर स्क्रू पुन्हा आवळायला लावा. त्यात लाजायचं काय?